1718 च्या कॅरोलिनातील खलाशी उभा करायचा आहे: कपडे आणि भांडीकुंडी यांचा शोध कुठून सुरू करावा?

कर्दळ

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलिनातील राली येथे राहतो. किनाऱ्यावरच्या गावांत चाचेगिरीच्या काळातील जीवन प्रत्यक्ष उभे करून दाखवणाऱ्या एका छोट्या हौशी गटात माझे यजमान, मी आणि आमचा दहा वर्षांचा मुलगा असे तिघेही यंदा सामील होत आहोत. गटाने 1718 हे वर्ष ठरवले आहे. 'ब्लॅकबिअर्ड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एडवर्ड टीचचे 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' हे जहाज ब्यूफोर्टजवळ वाळूत रुतले ते हेच वर्ष. यजमानांना साधा खलाशी व्हायचे आहे, मला किनाऱ्यावरच्या तळावर चूल सांभाळणारी बाई व्हायचे आहे आणि मुलाला अर्थातच चाचा.

येथील दुकानांत 'चाच्याचा पोशाख' म्हणून जे मिळते ते नाटकाच्या कपडेपटातून आणल्यासारखे दिसते, आणि 'वसाहतकालीन' म्हणून जे मिळते ते कोणत्या दशकातील आहे हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. मला पोशाख विकत घेण्याआधी तो कसा होता हे शोधायचे आहे. त्यासाठी कोणती साधने विश्वासार्ह मानावीत? तळावर कोणती भांडी ठेवावीत? शिवाय माझ्याकडे भारतातून आणलेले छापील आणि चौकटीचे सुती कापड बरेच पडून आहे. त्या काळी हिंदुस्थानी कापड सर्वत्र जात होते असे वाचले आहे. मग ते वापरले तर चालेल का, की ही मी स्वतःची सोय पाहते आहे?

डोलकाठी

कर्दळताई, आपण वर्ष आणि ठिकाण ठरवूनच प्रश्न विचारलात, त्यामुळे निम्मे काम आधीच झाले आहे. 'चाचेगिरीचा काळ' ही फार ढोबळ चौकट आहे. 1692 च्या भूकंपात बुडालेल्या जमैकातील पोर्ट रॉयलचा खलाशी आणि 1718 चा ब्यूफोर्टचा खलाशी यांच्यामध्ये एक पूर्ण पिढी आहे.

आता नाइलाजाने एक मूर्तिभंजन करावे लागेल. डोक्याला लाल फडके, कमरेला रुंद शेला, कानात बाळी आणि मांडीपर्यंत चढणारे बूट हा थाट हॉवर्ड पाइल या अमेरिकी चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या मनात रुजवला, आणि पुढच्या साऱ्या पडद्यावरच्या चाच्यांनी तो त्याच्याकडून उसना घेतला. चाच्यांच्या हयातीनंतर लगेच छापलेली चित्रेही जपूनच पाहावीत, कारण ती काढणारे लंडनमधील, छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर चित्रे कोरणारे कारागीर होते. त्यांनी जहाजावरचा चाचा पाहिलेला नव्हता.

माझ्या मते विश्वासाचा क्रम असा लावावा की आधी समुद्रातून किंवा मातीतून निघालेली वस्तू, मग कंत्राटे, मालमत्तेच्या याद्या आणि न्यायालयातील जबान्या, आणि सर्वांत शेवटी चित्रे. खलाशाच्या कपड्यांसाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे इंग्लंडच्या नौदलाने 1706 मध्ये तयार कपड्यांसाठी दिलेले कंत्राट. हे कपडे खलाशांना विकत आणि त्यांची किंमत पगारातून कापून घेत. त्यात राखाडी कर्सी या जाड लोकरी कापडाचे, लाल अस्तराचे, 15 पितळी बटणांचे जाकीट आहे. लाल लोकरी वेस्टकोट आहे. निळ्या-पांढऱ्या चौकटीचे लिननचे सदरे, चामडी टोपी आणि राखाडी लोकरी पायमोजे आहेत. चाच्यांना हे कंत्राट लागू नव्हते हे उघड आहे, पण चाचेही आदल्या वर्षापर्यंत व्यापारी जहाजांवर किंवा नौदलात राबणारेच लोक होते. 1713 मध्ये युद्ध संपून नौदलाने हजारो खलाशी कमी केल्यावर त्यांतले काही या धंद्यात आले. येताना ते अंगावरचे कपडे टाकून आले नसावेत.

सामान्य माणसाचा लोकरी पोशाख प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर शेटलंड बेटावर गनिस्टर येथे 1951 मध्ये दलदलीत सापडलेल्या मृतदेहावरचे कपडे पाहावेत. त्याच्या विणलेल्या बटव्यातील नाण्यांवरून तो सतराव्या शतकाच्या अगदी शेवटचा ठरतो. विणलेल्या टोप्या, हातमोजे आणि ठिगळे लावलेले कपडे अशी सगळी माया स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती ठिगळे विशेष लक्ष देऊन पाहावीत. आपल्या हौशी मंडळींचे कपडे कोरे करकरीत असतात, हीच सर्वांत मोठी खोट आहे.

जबान्यांचे एकच उदाहरण देतो. ॲन बॉनी आणि मेरी रीड या चाचेबायकांवर जमैकात 1720 च्या नोव्हेंबरमध्ये खटला चालला, तेव्हा डोरोथी थॉमस या साक्षीदार बाईने सांगितले की त्या दोघींनी पुरुषी जाकिटे आणि लांब तुमानी घातल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधले होते आणि प्रत्येकीच्या हातात कोयता आणि पिस्तूल होते. म्हणजे डोक्याचा रुमाल सर्वस्वी काल्पनिक नाही, पण त्याला आधार हवा आणि तो आधार असा बेताचा असतो. त्याच खटल्यात दुसऱ्या साक्षीदारांनी असेही सांगितले की पाठलागाच्या वेळी त्या पुरुषी वेशात असत आणि एरवी बायकांच्या वेशात.

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाची 1674 पासूनची छापील कार्यवाही महाजालावर मोफत उपलब्ध आहे. तेथे 1710 ते 1720 एवढीच वर्षे निवडून चोरीचे खटले वाचावेत. चोरीस गेलेला प्रत्येक सदरा, पायमोजा आणि चमचा किमतीसह नोंदवलेला सापडतो. किमतींवर मात्र फार विसंबू नये, कारण एक शिलिंगाहून अधिक किमतीची चोरी देहदंडास पात्र गुन्हा ठरत असे, आणि पंच पुष्कळदा दया येऊन किंमत खाली आणत. अमेरिकेकडे वळायचे तर पळून गेलेल्या चाकरांच्या आणि गुलामांच्या जाहिरातींत अंगावरच्या कपड्यांचे तपशीलवार वर्णन असते. नॉर्थ कॅरोलिनात 1751 पर्यंत वर्तमानपत्रच नव्हते. त्यामुळे 1718 साठी बोस्टनचे 1704 पासूनचे 'न्यूज-लेटर' चाळावे लागेल.

गलबत

डोलकाठी यांचा अभ्यास दांडगा आहे, पण मला एक शंका आहे. चाचे लुटारूच होते. ज्यांनी रेशमाच्या गासड्या लुटल्या त्यांनी रेशीम घातले नसेल का? चाच्यांचा कप्तान बार्थोलोम्यू रॉबर्ट्स 1722 मध्ये शेवटच्या लढाईत किरमिजी दमास्क कापडाचा वेस्टकोट आणि ब्रीचेस, टोपीत लाल पीस आणि गळ्यात हिऱ्यांच्या क्रूसाची सोन्याची साखळी घालून उभा होता, असे वर्णन प्रसिद्ध आहे. मग कर्दळताईंच्या यजमानांनी थोडी मखमल मिरवली तर बिघडले कोठे?

डोलकाठी

बिघडत नाही, पण त्यासाठी यजमानांना आधी कप्तान व्हावे लागेल. रॉबर्ट्सचे ते वर्णन 1724 मध्ये लंडनला छापलेल्या चाच्यांच्या चरित्रसंग्रहातील आहे, आणि त्या लेखकाला रंग भरण्याची आवड होती. त्याच संग्रहात रॉबर्ट्सच्या जहाजावरचे नियम दिले आहेत. त्यांत पकडलेल्या जहाजावर यादीप्रमाणे पाळीपाळीने जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्या वेळी वाट्याखेरीज कपड्यांचा एक जोड घेण्याची मुभा आहे. पण पकडलेली जहाजे बहुतांश कोणती असत? साखर, मीठ, तंबाखू, लाकूड किंवा गुलाम वाहून नेणारी. त्यांवरच्या पेट्यांतून निघणारे कपडे दुसऱ्या खलाशांचेच असत, म्हणजे पुन्हा तीच चौकटीची लिनन आणि तीच राखाडी लोकर.

लुटीचे खरे स्वरूप पाहायचे असेल तर 1718 च्या मे महिन्यात टीचने चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली तो प्रसंग पाहावा. शहरातील प्रतिष्ठित लोक ओलीस धरून त्याने मागितली ती औषधांची पेटी. दोर, शिडाचे कापड, औषधे आणि पिण्याचे पाणी यांची त्यांना सतत चणचण असे. आपल्या तळावर मखमलीपेक्षा शिवायला घेतलेले शिडाचे जाड कापड, मेण लावलेला दोरा आणि खलाशाची सुई ठेवलीत, तर पाहणाऱ्याला या लोकांच्या दिवसाची अधिक नेमकी कल्पना येईल.

धावदोरा

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील कपडे हाताने शिवतो, म्हणून शिवणापुरते लिहितो.

यजमानांसाठी सदऱ्यापासून सुरुवात करावी. त्या काळच्या सदऱ्याला आजच्यासारखा गोलाईचा बेत नसतो. संपूर्ण सदरा चौकोन आणि आयत यांतून उभा राहतो आणि कापडाची चिंधीही वाया जात नाही. पुढची-मागची बाजू मिळून एकच लांब पट्टा खांद्यावर दुमडायचा, मध्ये गळ्याची चीर द्यायची, बाह्या म्हणजे दोन आयत, आणि काखेत चौकोनी कळी, जिच्यामुळे हात वर करून दोर ओढला तरी शिवण उसवत नाही. गळपट्टी आणि मनगटपट्टी यांत कापड बारीक चुण्या घालून बसवायचे. या चुण्या हाच सदऱ्याचा प्राण आहे. यंत्राने ओढलेल्या चुण्या चपट्या आणि वेड्यावाकड्या बसतात. हाताने धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालून ओढल्या की त्या पन्हळीसारख्या उभ्या राहतात आणि प्रत्येक चुणी पट्टीला स्वतंत्र टाका घालून जोडता येते. पहिल्या वर्षी आतल्या लांब शिवणी यंत्रावर माराव्यात, पण चुण्या, काजे आणि दिसणाऱ्या कडा हातानेच कराव्यात. सदरा लिननचाच हवा. कॅरोलिनाच्या उकाड्यात तो सुखाचाही होतो.

त्यावर वेस्टकोट, मग आखूड जाकीट. खाली गुडघ्यापाशी संपणारी सैल ब्रीचेस किंवा लांब तुमान. डोक्याला विणलेली लोकरी टोपी. एक सावधगिरी मात्र बाळगावी. अमेरिकेत 'वसाहतकालीन' म्हणून जे विकले जाते ते बहुतेक स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमाराचे, म्हणजे 1770 च्या दशकाचे असते. जमिनीवरच्या माणसाचा 1718 मधील वेस्टकोट जवळजवळ गुडघ्यापर्यंत येत असे. 1770 मध्ये तो मांडीच्या वरच्या भागात संपू लागला होता. अर्ध्या शतकाचे हे अंतर जाणकाराला दुरूनही दिसते.

आपल्यासाठी आत लिननचा सैल शिफ्ट म्हणजे अंगालगतचा लांब झगा, त्यावर काड्या घालून ताठ केलेली काचोळी, एकावर एक दोन परकर, वरून सैल बेडगाऊन म्हणजे पुढून उघडा आखूड अंगरखा, एप्रन, गळ्याभोवती रुमाल आणि डोक्यावर पांढरी लिननची टोपी. काचोळी कपड्यांच्या वरून मिरवण्याची पद्धत जत्रेतल्या चाचेबाईची आहे, चूल सांभाळणाऱ्या बाईची नाही. बेडगाऊन तर टाचण्यांनी बंद करत, त्यामुळे बटणांची कटकटही वाचते.

आता आपल्या पेटीतील कापडाविषयी. आपण स्वतःची सोय पाहता आहात असे मुळीच नाही; येथे इतिहास आपल्या बाजूने आहे. इंग्लंडने 1700 मध्ये कायदा करून हिंदुस्थान, इराण आणि चीन येथील छापील व रंगवलेल्या सुती कापडाच्या देशांतर्गत वापरावर बंदी घातली, पण ते पुन्हा बाहेर पाठवण्यास मोकळीक ठेवली. म्हणजे लंडनच्या बाईला जे वापरण्यास मनाई होती ते वसाहतींत उघडपणे विकले जात होते. त्यामुळे छिटाचा परकर किंवा बेडगाऊन कॅरोलिनात शोभेल. मात्र प्रत्येक छापील कापड म्हणजे त्या काळचे छीट नव्हे. पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर मंजिष्ठी लाल आणि निळीच्या छटांतील वेलबुट्टी असेल तर घ्यावे. कोयरीची नक्षी ठळक असेल तर बाजूला ठेवावे, कारण युरोपीय कपड्यांत तिचा सुळसुळाट पुढे शंभर वर्षांनी झाला. हत्ती-मोर यांच्या रांगा असलेले चादरीचे कापड तर नकोच.

चौकटीचे सुती कापड आपल्याकडे आहे म्हणता, ते मला छिटापेक्षाही मोलाचे वाटते. किनारपट्टीवरच्या विणकरांचे चौकटी-पट्ट्यांचे कापड युरोपीय कंपन्या गासड्यांनी नेत, आणि त्यातले पुष्कळ पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या बदल्यात दिले जाई. त्याचे चौकोनी रुमाल करावेत. खलाशाच्या गळ्याला, आपल्या खांद्यावर आणि भाकरतुकडा बांधायलाही ते चालतील.

खापर

भांड्यांविषयी मी लिहिते. आपण रालीत आहात हे भाग्यच म्हणायचे, कारण ब्यूफोर्टच्या सागरी संग्रहालयात 'क्वीन ॲन्स रिव्हेंज'मधून काढलेल्या वस्तू मांडल्या आहेत. 1996 मध्ये अवशेष सापडल्यापासून तेथून लाखो लहानमोठे तुकडे वर आले आहेत: प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूची ताटे, मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचे तुकडे, पितळी खलबत्ता, वैद्याच्या वापरातील पिचकारी, आणि पहिल्या जॉर्जच्या 1714 मधील राज्यारोहणाच्या स्मरणार्थ घडवलेल्या मद्याच्या पेल्याचा दांडा. हे जहाज मुळात 'ला कॉन्कॉर्ड' नावाचे फ्रेंच गुलामवाहू जहाज होते आणि टीचने ते 1717 मध्ये पकडले. म्हणून इंग्रजी वस्तूंच्या शेजारी एखादी फ्रेंच वस्तू आपल्या तळावर असली तर ती खटकणार नाही. येथे मात्र मी गलबत यांच्याशी थोडी सहमत आहे: कपड्यांपेक्षा भांड्यांत सरमिसळ अधिक होती.

साध्या माणसाच्या जेवणाला लाकडी ताट किंवा वाडगा, शिंगाचा अथवा प्यूटरचा चमचा आणि स्वतःचा चाकू एवढेच लागते. काटा ही चैनीची वस्तू होती. चुलीवर तीन पायांचे ओतीव लोखंडी भांडे, त्याला वरून कडी. आपल्याकडील कल्हई केलेले तांब्याचे पातेले मोह पाडते, आणि युरोपातही तांब्याला कल्हई करतच असत. पण आपल्या पातेल्याचा बाहेर वळलेला काठ आणि गोल बूड लगेच ओळखू येते, म्हणून ते राहू द्यावे. पिण्यासाठी जर्मनीच्या ऱ्हाईन खोऱ्यातील राखाडी-निळ्या दगडी भांड्यांसारखा मग घ्यावा. त्यांच्या आजच्या प्रतिकृती चांगल्या मिळतात. बाटली बुटकी, रुंद बुडाची, आखूड मानेची, गडद हिरव्या काचेची, म्हणजे कांद्याच्या आकाराची. उंच सरळ बाटली दिसली की 1718 संपले असे समजावे.

मातीच्या चिलिमीविषयी एक गमतीची गोष्ट आहे. जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाने 1954 मध्ये दाखवून दिले की इंग्रजी चिलिमींच्या दांड्यातील भोक काळाप्रमाणे लहान होत गेले. सतराव्या शतकाच्या आरंभी ते इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या नऊपट होते आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचपट, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. तंबाखूची वाटी उलट मोठी होत गेली. संग्रहालयातील अभ्यासक तुटलेल्या दांड्यात ड्रिलचे टोक घालून काळ सांगतात. आपल्याला एवढे करायला नको. फक्त वाटी फार चिमुकली नसावी आणि चिलीम पांढऱ्या मातीची असावी.

हौशी तळांवर हटकून दिसणाऱ्या तीन वस्तू टाळाव्यात. निळ्या ठिपक्यांची एनॅमलची भांडी एकोणिसाव्या शतकातील आहेत, रॉकेलचा कंदीलही त्याच शतकातील, आणि काडेपेटीही. उजेडासाठी मेणबत्ती आणि शिंगाच्या पातळ तावदानांचा कंदील, विस्तवासाठी चकमक आणि जळक्या चिंध्यांची डबी. तसेच जुन्या बाजारातील खरे प्यूटर शोभेपुरते ठेवावे. त्यात शिसे असू शकते, म्हणून जेवायला शिसेविरहित नवे घ्यावे.

कर्दळ

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. छापील कापडातील कोयरीचे तुकडे मी वेगळे काढले आहेत आणि चौकटीचे रुमाल करायला घेतले आहेत. आता दोन प्रश्न उरतात. आम्ही दिसायला भारतीय आहोत, तेव्हा पाहायला येणारे लोक 'तुम्ही येथे कसे?' असे विचारणारच. त्यांना खरे उत्तर काय द्यावे? आणि जोडे कोणते घ्यावेत?

डोलकाठी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्याच राज्यात आहे. व्हर्जिनियाच्या 1635 च्या जमिनीच्या नोंदीत टोनी नावाच्या 'ईस्ट इंडियन' माणसाचा उल्लेख आहे, आणि पुढेही व्हर्जिनिया-मेरीलँडच्या कागदपत्रांत हिंदुस्थानातून आणलेले चाकर आणि गुलाम अधूनमधून भेटतात. बहुतेक जण ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आधी लंडनला आणि तेथून कोणाच्या तरी सेवेत इकडे आलेले होते. शिवाय 1690 च्या दशकात काही चाचे अमेरिकी आणि कॅरिबियन बंदरांतून थेट तांबड्या समुद्रापर्यंत जात. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने 1695 मध्ये औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे सुरतेकडे परतणारे जहाज लुटले. ही वाट दोन्ही बाजूंनी चालती होती.

यातील अप्रिय बाजूही पाहणाऱ्यांना सांगावी असे मला वाटते. टीचच्या जहाजाने आधी गुलाम वाहिले होते, त्याच्या टोळीत कृष्णवर्णीय खलाशी होते, आणि 22 नोव्हेंबर 1718 रोजी ओक्राकोक येथे टीच मारला गेल्यावर पकडलेल्यांत त्यांतलेही काही होते. त्यांच्यापैकी कोण स्वेच्छेने आला होता आणि कोण बळजबरीने, हे नोंदींवरून नेहमी ठरवता येत नाही. आपण चाकराची भूमिका घ्या किंवा मुक्त खलाशाची, पण मालक कोण, बंदर कोणते आणि येथवर कोणत्या जहाजाने आलो, ही तीन उत्तरे आधीच ठरवून ठेवावीत.

धावदोरा

जोड्यांचे मी सांगतो. गुडघ्यापर्यंतचे बूट घोड्यावर बसणाऱ्याचे. ओल्या डेकवर ते पाण्याने भरतात आणि शिडीवर अडतात. काळ्या चामड्याचे, गोल टोकाचे, दुहेरी तळाचे बुटके जोडे घ्यावेत. बक्कल लहान असावे. 1706 च्या त्याच कंत्राटात पितळी बक्कल आणि त्याला लोखंडी जीभ असा उल्लेख आहे. मोठी चमकदार बक्कले पुन्हा 1770 च्या दशकाची.

आपल्या मुलासाठी मात्र पुरावा हाताशी आहे. 'व्हिडा' हे सॅम्युएल बेलामी या चाच्याचे जहाज एप्रिल 1717 मध्ये केप कॉडजवळ बुडाले. त्याच्या अवशेषांत एक लहान जोडा, रेशमी पायमोजा आणि पायाचे हाड सापडले. ते जॉन किंग या 8 ते 11 वर्षांच्या, स्वतःच्या हट्टाने चाच्यांत गेलेल्या मुलाचे असावे असे मानले जाते. तेव्हा मुलाच्या पायात रेशमी पायमोजे घातलेत तर गलबत यांचीही हौस फिटेल आणि डोलकाठी यांनाही हरकत घेता येणार नाही. जोडे मात्र त्याचे सर्वांत शेवटी, कार्यक्रमाच्या जेमतेम महिनाभर आधी घ्यावेत. या वयात पाय कोणाचे ऐकत नाहीत.